काळा पडदा आणि नवखा: लिनक्स बसवण्याचा छोटा इतिहास

१/ लिनक्स बसवले आणि पडदा काळाच राहिला, तर आज नवख्याची एक संध्याकाळ वाया जाते. १९९० च्या दशकात त्याचा मॉनिटरही जाऊ शकत असे.

२/ लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केले. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आले. एकामागून एक फ्लॉपी घालून ते संगणकावर चढवावे लागे. खरी कसोटी त्यानंतरची: चित्रमय पडदा सुरू करणे.

३/ त्यासाठी मॉनिटरच्या आडव्या व उभ्या वारंवारतेचे आकडे एक्सफ्री८६ च्या फाइलमध्ये स्वहस्ते लिहावे लागत. माहितीपुस्तिका हरवली असेल, तर उरे केवळ अंदाज. आकडा मर्यादेबाहेर गेला, तर काचनळीचा जुना मॉनिटर कायमचा निकामी होण्याची भीती असे.

४/ १९९४ मध्ये व्हेसा या संस्थेने मॉनिटरनेच आपली क्षमता संगणकाला कळवावी, अशी पद्धत प्रमाणित केली. २००० मध्ये क्लाउस क्नॉपर यांचे क्नॉपिक्स आले: थेट सीडीवरून चालणारे, यंत्राचे भाग स्वतः ओळखणारे. हार्ड डिस्कला हात न लावता पडदा उजळतो का, हे आधीच पाहता येऊ लागले. २००६ च्या उबुंटू ६.०६ मध्ये अशाच सीडीवरून लिनक्स बसवण्याचीही सोय झाली.

५/ नवख्याकडून अपेक्षिलेले ज्ञान अशा रीतीने हळूहळू यंत्राच्या माथी गेले. आजही जाणकाराचा पहिला सल्ला तोच: आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा, मगच बसवा.