तेलाचे वनस्पती तूप होताना काय घडते?

थंडीत खोबरेल गोठते, पण त्याच फळीवरचे शेंगदाण्याचे तेल पातळ राहते. दोन्हींची मूळ घडण मात्र एकच आहे. ग्लिसरॉलच्या एका रेणूशी मेदाम्लाचे तीन रेणू जोडले गेले की ट्रायग्लिसराइड तयार होते. कोणतेही खाद्यतेल वा तूप हे मुख्यतः अशा ट्रायग्लिसराइडांचे मिश्रण असते. फरक पडतो तो मेदाम्लांमुळे.

मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी. तीत सर्व बंध एकेरी असतील तर ते मेदाम्ल संपृक्त. १८ कार्बन अणूंचे स्टिअरिक आम्ल असे आहे. त्याच्या सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात, म्हणून ते ६९ अंश सेल्सिअसला वितळते. तितक्याच कार्बन अणूंच्या ओलेइक आम्लात मध्यभागी एक दुहेरी बंध असतो. तेथे साखळी वाकते, रेणूंची रचना सैल होते आणि वितळणबिंदू १३ अंशांच्या आसपास उतरतो.

निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन सोडल्यास दुहेरी बंध एकेरी होतात व तेल घट्ट होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये या प्रक्रियेच्या पेटंटसाठी अर्ज केला. भारतात १९३७ मध्ये आलेल्या ‘डालडा’चे नाव तर पुढे वनस्पती तुपालाच चिकटले.

मात्र ही प्रक्रिया अर्ध्यावर थांबवली की उरलेल्या दुहेरी बंधांपैकी काहींची मांडणी उलटते. अशा ‘ट्रान्स’ मांडणीत साखळी पुन्हा जवळजवळ सरळ होते. ओलेइक आम्लाचे इलैडिक आम्ल होते. अणू तेच, संख्याही तीच, पण वितळणबिंदू ४५ अंश! हलवायाला आणि बेकरीवाल्याला हवा असलेला घट्टपणा काही अंशी येथूनच येतो. शरीराला मात्र तो महागात पडतो. ट्रान्स मेदाम्लांमुळे रक्तातील एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि उपकारक एचडीएल घटते. संपृक्त मेदाम्लांनी सहसा एचडीएल घटत नाही, म्हणून ट्रान्स मेदाम्ले अधिक वाईट ठरतात. भारतात खाद्यतेले व मेदांतील त्यांची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली.

हायड्रोजनीकरण पूर्ण केले तर दुहेरी बंधच उरत नाही, त्यामुळे ट्रान्सचाही प्रश्न मिटतो. पण हाती येतो तो मेणासारखा कडक गोळा. तो पातळ तेलाशी मिसळून मेदाम्लांची अदलाबदल घडवली की वापरण्याजोगा मऊपणा येतो. गायी-म्हशींच्या जठरातील जीवाणूही थोडी ट्रान्स मेदाम्ले तयार करतात, त्यामुळे साजूक तुपातही ती अल्प प्रमाणात सापडतात.