दाखला म्हणजे उपकार नव्हे



बचत गटाच्या बैठकीत पोरांच्या शाळेचा विषय निघाला की एखादी बाई गप्प होते. तिचं मूल चालू शकत नाही, त्याला ऐकू येत नाही किंवा ते उशिरा शिकतं. "त्याला शाळेत घालून काय करणार?" असं तिला सगळ्यांनी सांगितलेलं असतं. आज कायदा काय सांगतो आणि तो इथवर कसा आला, ते ऐका.

अशा मुलांच्या पहिल्या शाळा वेगळ्या होत्या आणि लांब होत्या. मुंबईत १८८५ साली बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. पंडिता रमाबाईंनी केडगावला अंध स्त्रियांना शिकवलं. काम मोठं होतं, पण पेण-रोह्याच्या वाडीवरून तिथं कोण पोचणार?

१९७४ साली केंद्र सरकारने अशा मुलांना साध्या शाळेतच शिकवायची योजना आणली. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. पण योजना म्हणजे हक्क नव्हे. १९९५च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण सांगितलं. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि २०१२च्या दुरुस्तीत दिव्यांग मुलांचा त्यात स्पष्ट उल्लेख आला. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले. ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे, त्यांना ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकायची मुभा आहे, पण ती निवड मुलाची आणि आईबापांची. "याला घरीच ठेवा" असं शाळेने सांगावं, यासाठी ती मुभा नाही.

नुसता दाखला मिळून भागत नाही. पायऱ्यांशेजारी उतार हवा, मुलाला वापरता येईल असं शौचालय हवं, पावसाळ्यात शाळेपर्यंत नेण्याची सोय हवी. हे विचारायचं कुठे? शाळा व्यवस्थापन समितीत. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, असं कायदाच म्हणतो. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची आणि प्रवास भत्त्याची चौकशी करा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढंच विचारा: आपल्या गावात कोणतं मूल घरी बसलंय? मग त्याच्या आईसोबत दोघीजणी शाळेत जा. एकटीला परत पाठवणं सोपं असतं, तिघींना नाही.