तीनशेच्या पुढे

दिवाळीच्या आधी बारामतीहून भाच्याचा फोन आला. एरवी हा प्राणी फोन करत नाही, नुसते अंगठे पाठवतो. त्यामुळे मी जरा घाबरतच उचलला.

“मामा, लेन्स घ्यायचीय. भिगवणला पक्षी काढायला. चाळीसच्या आसपास बसवा.”

चाळीस म्हणजे चाळीस हजार. पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवलेले. घरी अजून सांगितलं नव्हतं, कारण त्याची आई, म्हणजे आमची ताई, काय म्हणेल ते त्याला आणि मला दोघांनाही तोंडपाठ आहे. (ताई, हे वाचत असशील तर आता कळलंच. त्याला बोलू नकोस, मला बोल.)

दोन मिनिटांत एखादं नाव सांगून मोकळा झालो असतो. पण मी “रात्री सांगतो” म्हणालो आणि रात्री कपाटातून माझी जुनी ७०-३०० काढून बसलो. या लेन्सचा आणि माझा एक हिशोब राहिलेला आहे, तो आधी सांगतो.

२००८ साली मी पहिला डिजिटल एसएलआर घेतला, कंपनीचा सगळ्यात स्वस्त. पक्ष्यांसाठी लांबची लेन्स हवी म्हणून एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने दोन ठेवल्या, दोन्ही ७०-३००. एक सहा-सात हजारांची, दुसरी तिच्या कितीतरी पट. आकडे तेच, मग पैसे कशाला जास्त द्यायचे? आपण हुशार! स्वस्तातली घेऊन घरी आलो, कॅमेऱ्याला लावली, बटण दाबलं.. आणि काहीच हललं नाही. फोकस फिरवणारी मोटर त्या लेन्समध्ये नव्हती, ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि माझ्या स्वस्त कॅमेऱ्यात तीही नव्हती. दुकानदाराने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढची तीन वर्षं मी उडणाऱ्या पक्ष्यावर हाताने फोकस केला. करून बघा एकदा.

पण हिशोब तो नव्हे. तो जानेवारी २००९ मधला.

कुंभारगावच्या काठावरून आम्ही पाच जण एका मच्छीमार काकांच्या होडीत बसलो. पाणी ओसरलेलं, उथळ चिखलात रोहितांचा थवा माना खाली घालून चरत होता. (रोहित म्हणजे फ्लेमिंगो, आमच्याकडे आता सगळे फ्लेमिंगोच म्हणतात.) तीनशेवरही पक्षी नखाएवढा दिसत होता. मी म्हणालो, काका, जरा पुढे घ्या. काकांनी बांबू रोवला, होडी पुढे सरकली. अजून थोडं. अजून थोडं. काका म्हणाले, “आता उडतील साहेब.” मी म्हणालो, उडू द्या की, उडतानाचाच हवाय.

उडाले. पंखांखालचा तो गुलाबी-काळा रंग एकदम उघडला, होडीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बारा फोटोंतला एक बरा आला, तो कित्येक वर्षं आमच्या हॉलमध्ये होता. परतताना काका पाण्याकडे बघत सहज म्हणाले, “आता आज न्हाई यायचे हितं. सकाळपास्नं तिसरी खेप हाये उठवायची.”

त्या दिवशी काही वाटलं नाही, खरं सांगतो. भिगवणला चिलापीचं कालवण खाल्लं आणि घरी आलो. पुढे कधीतरी ते वाक्य आठवायला लागलं. हे पक्षी तिथे आमच्यासाठी नाचायला येत नाहीत, चरायला येतात. एका सकाळी तीनदा उठवलं तर ते खायचे कधी? माझी लेन्स आखूड होती, ती तूट मी होडीने भरून काढली, आणि किंमत त्यांनी दिली.

आता हे लांबचं भिंग एवढं महाग का, याकडे येतो. भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं, त्याने मधेच जेवून घेतलं असावं असा माझा संशय आहे.

दूरचं मोठं दिसायचं तर लांब फोकल लेंग्थ हवी, आणि साध्या रचनेत तेवढीच लांब नळी. १८९१ साली लंडनच्या थॉमस डालमेयरने पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंगं बसवून ही नळी आखूड केली आणि पेटंट घेतलं. त्याच सुमारास जर्मनीत आणखी दोघांना हेच सुचलं होतं. ‘टेलिफोटो’ तो हा. पण त्यातून प्रकाश इतका कमी यायचा की डोंगर, देऊळ, असल्या न हलणाऱ्या गोष्टींना ठीक. वाघाला “जरा थांब” कोण म्हणणार? म्हणून संयुक्त प्रांतातला वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने उलटा मार्ग धरला. जनावराच्या वाटेवर तार बांधायची, रात्री वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडतो आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढतो. त्याचं वाघांवरचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. सलीम अलींचे मित्र लोके वान थो घरट्याजवळ आडोसा करून तासन्‌तास बसत. मद्रासचे एम. कृष्णन यांनी तर इकडचं तिकडचं जोडून स्वतःच एक अवजड यंत्र बनवलं आणि त्याला ‘सुपर पाँडेरोसा’ असं नाव दिलं. भारतात परदेशी लेन्स मिळणं म्हणजे आयात परवाने, जकात आणि परदेशातला एखादा नातेवाईक, असा तो काळ. पैसे असले तरी वस्तू नाही.

झूम त्या मानाने उशिरा आली. १९५९ साली फोख्टलेंडरची ‘झूमार’, ३६-८२, आणि त्याच वर्षी निकॉनची ८५-२५०. सुरुवातीच्या झूमला जाणकार नाकं मुरडायचे. आत काचा जास्त, म्हणून चमक जास्त आणि धार कमी. संगणकाने आराखडे व्हायला लागले, काचेवरचे लेप सुधारले, तेव्हा कुठे झूम घरोघरी गेली.

आता खर्चाचं गणित, हे मात्र लक्ष देऊन वाचा. फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागलं की पुढून प्रकाश घ्यायला किती व्यासाचं तोंड लागतं ते कळतं. ६०० मिलिमीटर आणि एफ ४ म्हणजे १५० मिलिमीटर, जवळजवळ जेवणातल्या वाडग्याएवढी काच. तीही निर्दोष, खास प्रकारची. निकॉनची २००७ ची ती लेन्स पाच किलोंची आहे आणि किमतीत आमच्याकडे मोटार येते. तेच ६०० एफ ६.३ वर नेलं की व्यास ९५ वर येतो. प्रकाश अडीचपट कमी, पण वजन दोन किलो आणि किंमत माणसात. म्हणजे स्वस्त लांब लेन्सचा सगळा इतिहास हा प्रकाश सोडून देण्याचा इतिहास आहे. दर पिढीने थोडा प्रकाश सोडला आणि तो भरून काढायला काहीतरी युक्ती काढली.

१९९५ मध्ये कॅननने ७५-३०० मध्ये हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा घातली. एसएलआरच्या लेन्समध्ये ती पहिली. मग सेन्सर सुधारले. २००८ मध्ये आयएसओ १६०० ला माझ्या फोटोत रांगोळी सांडल्यासारखे ठिपके यायचे, आता ६४०० ला कोणी दचकत नाही. एसएलआरच्या ऑटोफोकसला साधारण एफ ५.६ पर्यंतचा प्रकाश लागायचा. सिग्मा, टॅमरॉनने ते ६.३ पर्यंत ताणलं. २०१३ च्या शेवटी टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली, अमेरिकेत १०६९ डॉलरला, आणि सहाशे मिलिमीटर नोकरदार माणसाच्या आवाक्यात आलं. लगेच सिग्माच्या आल्या, २०१५ मध्ये निकॉनची २००-५००. मिररलेस कॅमेरे थेट सेन्सरवरच फोकस करायला लागले तेव्हा कॅननने २०२० मध्ये सरळ एफ ११ ची ६०० काढली. झूम नव्हे ती, पण एफ ११! आमच्या पिढीने हे ऐकून हसून सोडून दिलं असतं. पाठोपाठ १००-४००, लांबच्या टोकाला एफ ८, वजन जेमतेम ६३५ ग्रॅम.

आता प्रश्न असा की सोडलेला प्रकाश आपल्याला परवडतो का. ताडोबात संध्याकाळी बांबूच्या सावलीत वाघ बसला असेल तर नाही परवडत. तिथे एफ ४ वाल्याचं पारडं जड, वाद नको. पण भिगवण म्हणजे काय आहे? १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेकाठची सपाट शेतं, गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजून वर येतं. (आमच्या आजीच्या माहेरची माणसं त्या बाजूची. तिच्यासमोर या पाण्याचं कौतुक केलेलं तिला आवडायचं नाही.) ती शेतं सपाट होती म्हणून कडेचं पाणी उथळ आहे, उथळ आहे म्हणून रोहित, चित्रबलाक, चमचे आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तिथे उतरतात. वर झाड नाही, डोंगर नाही. ऊन नुसतं पडलेलं असतं.

जुना नियम आहे, भर उन्हात एफ १६ ठेवा आणि आयएसओचा आकडा तोच शटरचा ठेवा. आयएसओ ४०० ला एक चारशेअंश सेकंद. तेच एफ ८ वर गेलात तर एक सोळाशेअंश. उडता पक्षी गोठवायला एवढं पुष्कळ झालं. सकाळचं कोवळं ऊन असेल तर आयएसओ दुप्पट-चौपट करा. म्हणजे इंदापूर तालुक्यात आपल्याकडे जे फुकट आणि भरपूर आहे, त्याच्यासाठी लाखो रुपये कशाला मोजायचे? प्रकाश सोडा, लांबी घ्या. होडीत तिवई लावू नका, होडी हलते आणि तिवई तिच्याबरोबर हलते. स्थिरीकरण चालू असू द्या, पण ते तुमचा हात थांबवतं, पक्ष्याचे पंख नव्हे. पंखांना शटरच लागतं.

माळावर मात्र हा हिशोब थोडा बदलतो. कडबनवाडीला किंवा सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात (१९९७ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं) चिंकारा दुरूनच बघतो आणि निघतो. तिथे सहाशे हवंच वाटतं. पण नऊ-साडेनऊनंतर जमीन तापली की मधली हवा थरथरायला लागते आणि जगातली कुठलीही लेन्स हरणाचं पीठ करते. मृगजळ हा शब्द कोणी केला असेल त्याला दंडवत. मी एकदा तासभर तो दोष लेन्सचा समजून बसलो होतो. तिथे पैसे नाही, गजर लावावा लागतो. सातला माळावर हजर.

तर भाच्याला शेवटी काय सांगितलं? त्याचा कॅमेरा मित्राकडून घेतलेला जुना डीएसएलआर. नवीन घ्यायची तर त्या पैशांत ५५-२५० किंवा ७०-३०० येईल, चांगली येईल, हलकी येईल, पण आत मोटर आहे का ते आधी बघ! आणि तू तीनशेवर थांबशील आणि मग होडीवाल्याला म्हणशील, काका पुढे घ्या. त्यापेक्षा थोडं थांब, अजून दोन पगार टाक, आणि वापरलेली १५०-६०० बघ. पण घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बुरशीचे धागे दिसतात का बघायचं. झूमची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवायची. आपल्याच कॅमेऱ्यावर लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो काढायचे, सहाशेला, सगळ्यात उघड्या ॲपर्चरवर, आणि घरी येऊन मोठे करून बघायचे. मालक घाई करत असेल तर उठायचं. घेतलीच तर पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

पहिल्या दोन त्याने नाकारल्या. एकीत बुरशी होती, दुसरीचा फोकस अडकत होता. मला फार बरं वाटलं. तिसरी घेतली. शेवटी चाळीसच्या वर गेलाच, ते किती हे मी ताईला सांगणार नाही.

फेब्रुवारीत दोघं कुंभारगावला गेलो. ते काका आता होडीवर येत नाहीत, त्यांचा मुलगा येतो. त्याला आधीच सांगितलं, लांबच थांबव, उठवायचे नाहीत, मासेही टाकायचे नाहीत. त्याने थव्यापासून बऱ्याच अंतरावर बांबू चिखलात रोवला, होडी बांधली आणि तंबाखू मळायला घेतली. आम्ही पंधरा-वीस मिनिटं नुसते बसलो. थवा चरत चरत हळूहळू आमच्याच बाजूला सरकायला लागला. भाच्याने ती दोन किलोंची नळी डोळ्याला लावली, श्वास धरला, आणि एकदम कुजबुजला, “मामा, जोडी मावत नाहीय!”

म्हटलं, अरे मग झूम कशाला घेतलीस, रिंग फिरव की मागे.