वैद्यकीय प्रतिमा-फायलींची मांडणी (हालचाल-संशोधनातील)

एमआरआय, सीटी अशा तपासण्यांच्या फायली ठरावीक नावांनी व फोल्डरांत लावून संशोधनायोग्य करण्याची पद्धत. यंत्रातून प्रतिमा ‘डायकॉम’ स्वरूपात येतात. १९८५ च्या मानकातून १९९३ मध्ये हे मानक पुढे आले. भारताच्या आरोग्य-नोंद मानकांतही ते आहे आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यासाठी सॉफ्टवेअर-संच तयार केला आहे.

एका तपासणीत शेकडो फायली निघू शकतात. प्रत्येकीच्या शीर्षभागात रुग्णाचे नाव, जन्मतारीख असू शकते. त्यामुळे नुसते फायलीचे नाव बदलून भागत नाही, शीर्षभागातील ही माहितीही पुसावी लागते. डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा ओळखू येत असल्याने तोही झाकतात.

मेंदूच्या प्रतिमांसाठी २०१६ पासून ‘बिड्स’ हा संकेत रूढ झाला: प्रत्येक सहभागीचा वेगळा फोल्डर, फायलीच्या नावातच सहभागी क्रमांक व तपासणीचा प्रकार.

डोक्याच्या हालचालीचा प्रतिमांवर होणारा परिणाम अभ्यासण्यासाठीच्या बुडापेस्टमधील ‘एमआर-आर्ट’ या संचात (२०२२) १४८ निरोगी प्रौढांच्या प्रतिमा आहेत. स्थिर डोके, थोडी हालचाल आणि जास्त हालचाल, असे प्रकार फायलीच्या नावांवरूनच कळतात.

छातीच्या चतुर्मितीय (वेळेनुसार हालचाल टिपणाऱ्या) सीटीत श्वासाचे चक्र सहसा दहा टप्प्यांत विभागतात. तिथे टप्प्याचा क्रम चुकला, तर फुफ्फुसातील गाठीची हालचालच उलटसुलट दिसते.