जीभ, सुई आणि 'जिंग'

चिनी भाषेतील 'जिंग' या शब्दाचा मूळ अर्थ मागावरचा ताणा, म्हणजे कापड विणण्याआधी उभे ताणून घेतलेले सूत. पुढे हाच शब्द प्रमाणग्रंथासाठी रूढ झाला. बौद्ध ग्रंथ चिनीत उतरू लागले तेव्हा 'सूत्र' या संस्कृत शब्दासाठीही तोच योजला गेला. सूत आणि सूत्र यांचे नाते दोन भाषांत स्वतंत्रपणे जुळून यावे, हा योग आम्हाला फार लोभस वाटतो. याच शब्दाचा तिसरा अर्थ म्हणजे शरीरातून डोक्यापासून पायापर्यंत उभी धावणारी वाहिनी. सुई टोचणारा चिनी वैद्य जिचा माग काढतो, ती हीच.

आमच्यापैकी कोणालाही वैद्यकाचा अधिकार नाही. परंतु शरीराला ग्रंथासारखे वाचू पाहणाऱ्या या परंपरेचा इतिहास वाचनाचाच व्यवसाय करणाऱ्यांनी एकदा तरी चाळावा, असे आम्हाला वाटते.

अ‍ॅक्युपंक्चरच्या आजच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात जिभेचा नकाशा असतो. शेंडा हृदयाचा, त्यामागचा पट्टा फुप्फुसाचा, कडा यकृत व पित्ताशयाच्या, मध्यभाग प्लीहा व जठराचा, मूळ मूत्रपिंडाचे. (ही इंद्रिये शवविच्छेदनातली नव्हेत, चिनी वैद्यकात ती कार्यांची नावे आहेत.) फिकट जीभ म्हणजे रक्ताची वा उष्णतेची उणीव, लाल जीभ म्हणजे दाह, जांभळट म्हणजे साकळलेले रक्त, पांढरा थर थंडीचा, पिवळा उष्णतेचा. या वाचनावरून वाहिनी निवडायची. झोप येत नाही आणि शेंडा लाल आहे, तर हृदयवाहिनीवर मनगटापाशी 'शेनमेन' या बिंदूत सुई. कानशिले ठणकतात आणि कडा लाल आहेत, तर यकृतवाहिनीवर पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांमधील 'तायचोंग'. दुखणे डोक्यात, सुई पावलात! दोहोंना जोडणारा दुवा जिभेवर वाचायचा. वाचनाची ही रीत हजारो वर्षे अखंड चालत आली, असे बहुधा प्रस्तावनेतच सांगितलेले असते.

जुने लेख मात्र निराळे सांगतात. १९७३ मध्ये हूनान प्रांतात छांगशाजवळच्या मावांगदुई येथे, इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले ग्रंथ सापडले. त्यांतील वाहिन्यांविषयीच्या लेखांत वाहिन्या अकराच आहेत, बारा नाहीत. बिंदूंची नावे नाहीत. सुईचा उल्लेखच नाही. उपचार आहे तो दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची वाळलेली पाने जाळून डाग देण्याचा. बारावी वाहिनी येते ती 'ह्वांगदी नेइजिंग' या संकलनाच्या 'लिंगशू' या भागात. तिथे एका अध्यायात बारा वाहिन्यांची सांगड देशातील बारा नद्यांशी घातलेली आहे. अकराच्या बारा होण्यात शरीराच्या निरीक्षणाचा वाटा किती आणि संख्येच्या मोहाचा किती, हा प्रश्न तो अध्याय वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

'लिंगशू'त जीभही आहे. प्लीहेची वाहिनी जिभेच्या मुळाशी जाऊन तिच्याखाली पसरते, मूत्रपिंडाची तिच्या मुळाला बिलगते, हृदयवाहिनीची एक शाखा तिथेच बांधली जाते. म्हणजे इथे जीभ हे वाहिन्या पोचण्याचे ठिकाण आहे. वाचायचे पान नव्हे.

ते पान उलगडले ते औषधी देणाऱ्या वैद्यांच्या हातांत. थंडीच्या आघाताने येणाऱ्या ज्वरांवर इसवी सन २०० च्या सुमारास लिहिणाऱ्या झांग झोंगजिंगने जिभेवरच्या थराची दखल घेतली होती. पण केवळ जिभेला वाहिलेला ग्रंथ दिसतो तो युआन राजवटीत, १३४१ मध्ये. आओ नावाच्या कुणा वैद्याच्या बारा जिव्हाचित्रांत दू बेन याने चोवीस चित्रांची भर घातली. प्रत्येक चित्राखाली निदान आणि काढ्याची योजना. पुढे १६६८ मध्ये झांग देंगच्या ग्रंथात चित्रांची संख्या १२० वर गेली, आणि अठराव्या शतकात ये तिआनशीने साथीच्या तापांत जिभेचा रंग व थर यांवरून रोग किती खोल उतरला आहे हे ठरवण्याची पद्धत सूक्ष्म केली. हे सारे काढ्यांच्या निवडीसाठी होते. सुईच्या ग्रंथांचा भर नाडीवर आणि बोटांनी चाचपलेल्या दुखऱ्या जागांवर राहिला.

जिभेचे वाचन असे बहरत असताना सुईची प्रतिष्ठा ओसरत होती. १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाच्या आज्ञेने राजवैद्यकीय संस्थेतील सुई व डाग यांचा विभाग कायमचा बंद झाला. सम्राटाच्या देहाला हे उपचार शोभत नाहीत, हे त्याचे कारण. विसाव्या शतकात चेंग दान-आन याने जपानला जाऊन, शरीररचनाशास्त्राचा आधार घेऊन आणि बारीक सुया वापरून सुईला पुन्हा उभे केले. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि चेंगदू येथे सरकारी महाविद्यालये निघाली. त्यांना अभ्यासक्रम हवा होता, तोही एकसारखा. काढेवाल्यांची निदानपद्धती आणि सुईवाल्यांच्या वाहिन्या एका पुस्तकात आल्या त्या या गरजेपोटी. १९८० मध्ये बीजिंगहून परदेशी विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाने ही जोडणी जगभर नेली.

म्हणून ती खोटी ठरते काय? आम्हाला तसे वाटत नाही. शंका उपस्थित करायला इतर कारणे आहेत; एकच जीभ पाहून दोन वैद्यांचे निदान जुळेलच असे नाही, हे तपासून पाहिले गेले आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. गरजेतून, वादातून, राजाज्ञेतून घडलेल्या गोष्टीला अनादि म्हटले की तिच्या कर्त्यांची नावे पुसली जातात. दू बेनची चोवीस चित्रे मग 'प्राचीन ज्ञान' या दोन शब्दांत नाहीशी होतात.

भाषांतरानेही यात हात धुऊन घेतला. 'जिंग'ला 'मेरिडियन' म्हणण्याची प्रथा सुलिये द मोरां या फ्रेंच लेखकाने रुजवली. त्याबरोबर ताणा गेला, ग्रंथ गेला, वाहणेही गेले. उरली भूगोलातली काल्पनिक रेषा. मराठीत 'नाडी' म्हणावे तर एक अडचण आहे आणि एक सोय. अडचण अशी, की इडा-पिंगला आगंतुकासारख्या आत शिरतात. सोय अशी, की चिनी 'माय' या शब्दात वाहिनी आणि तिचा ठोका असे दोन्ही अर्थ आहेत, आणि आपल्या नाडीतही. आपल्याकडे 'योगरत्नाकरा'तील अष्टविध परीक्षेत नाडीबरोबर जिव्हाही आहे. पण त्यावरून कोणी कोणाकडून घेतले, असा निष्कर्ष काढण्याची घाई आम्ही करणार नाही.

एक दुवा मात्र नोंदलेला आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, आणि शांतारामांच्या चित्रपटामुळे मराठी माणसाला तेच आठवतात. त्यांचे सहकारी बिजॉय कुमार बसू परतले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनमध्ये गेले, सुई शिकले आणि ती कोलकात्यात घेऊन आले. म्हणजे त्यांनी आणली ती महाविद्यालये निघाल्यानंतरची, नुकतीच नव्याने जुळवलेली सुई.