शिष्यवृत्तीची मुदत

विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठविण्याचा विषय बैठकीपुढे आला की आपण बहुधा रकमेची चर्चा करतो, मुदतीची फारशी करीत नाही. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे.

१९१३ साली वडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. त्या बळावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले व १९१५ मध्ये एम.ए. झाले. पुढील वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी संशोधनास आरंभ केला. तोच मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा लंडनने दिली होती. परंतु मुभेने बोटीचे भाडे भागत नाही.

कराराप्रमाणे ते वडोद्यास रुजू झाले. ज्या संस्थानाने त्यांचा अमेरिकेतील खर्च सोसला, त्याच्याच राजधानीत त्यांना अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. खोटे नाव सांगून पारशी धर्मशाळेत काढलेले दिवस आणि तेथून झालेली हकालपट्टी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. विद्यार्थ्याने परतल्यावर काय करावे, हे करारात होते. त्याने राहावे कोठे, याचा विचार कोणी केला नव्हता.

पुढील खर्च तीन ठिकाणांहून उभा राहिला. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि नवल भथेना या पारशी स्नेह्याने पाच हजार रुपये उसने दिले. मला यांतले हे उसने पैसे विशेष वाटतात. त्यांना कसलेही कलम जोडलेले नव्हते. १९२० मध्ये आंबेडकर लंडनला परतले व १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

कोलंबियाची पीएच.डी. मात्र राहिलीच होती. प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्यावाचून तेथे ती पदवी मिळत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थकारणावरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापून निघाला आणि १९२७ मध्ये, म्हणजे शिष्यवृत्ती मिळाल्यापासून चौदाव्या वर्षी, पदवी हाती आली. शिक्षणाच्या कामी झालेल्या साहाय्याबद्दल हा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे.