एका जिल्ह्याची मोजणी

आपल्या भिवंडीत हिशेब तोंडपाठ असावा लागतो. सुताचा काउंट किती, इंचाला पिक किती, पाळीला मीटर किती निघाले. मागांचा खडखडाट ऐकत शाळेत गेलेल्या आपणा सर्वांना हे सांगायला नको. पण आजारपणाची गोष्ट निघाली की आपण हिशेब बाजूला ठेवतो. "शेजाऱ्यांना त्या औषधाने गुण आला," एवढ्यावर निकाल देतो. गणिताच्या तासाला मात्र आपल्याला बजावले जायचे, की एका उदाहरणावरून नियम मांडू नका.

माझ्या आईचे पहिले मूल बाराव्या दिवशी गेले. घरात एवढेच म्हणत, "टिकलं नाही." त्याचे नाव ठेवले नव्हते आणि कुठल्या वहीत त्याची नोंदही नव्हती. म्हणून स्मरणिकेसाठी इतिहासाचा विषय निवडताना मी अशा नोंद नसलेल्या बाळांच्या मोजणीचा इतिहास घेतला.

डॉ. अभय बंग आपल्यापैकी अनेकांना 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकामुळे माहीत आहेत. त्यांचे बालपण सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत गेले. नागपुरात वैद्यकीय शिक्षण झाल्यावर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तिथे राहण्याऐवजी दोघे परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम करू लागले. विद्यापीठात शिकलेले संशोधनाचे शास्त्र त्यांनी थेट खेड्यात नेले.

पहिला मोठा प्रश्न होता बालकांच्या न्यूमोनियाचा. ५८ गावांत गावचे आरोग्यसेवक आणि सुईणी यांना आजार ओळखून औषध द्यायला शिकवले. ४४ गावांत नेहमीच्याच सेवा चालू राहिल्या. पण निरक्षर सुईणीने मिनिटाचे श्वास मोजायचे कसे? त्यासाठी मण्यांची पाटी आणि वाळूचे घड्याळ तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. या सेवकांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांपैकी ०.८ टक्के दगावले, तर तुलनेच्या भागात हे प्रमाण १३.५ टक्के होते. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

मग पाळी आली नवजात बाळांची. ३९ गावांत 'आरोग्यदूत' म्हणून निवडलेल्या बायका घरोघर जाऊन बाळाचे वजन घेत, त्याला ऊब देत. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर आईवडिलांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तिथे दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५ पर्यंत उतरले. तुलनेच्या ४७ गावांत अशी घट झाली नाही. हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

इथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण आपला गणिताचा नियम आडवा येतो. ही गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. मग फरक सेवेने पडला, की ती गावे मुळातच वेगळी होती? शिवाय हे यश बंग दांपत्याच्या निष्ठेचे, की पद्धतीचे? ही शंका रास्त होती आणि तिचे उत्तर गडचिरोलीत मिळणार नव्हते. ते दुसऱ्यांनी, दुसरीकडे शोधायचे होते.

तसे घडलेही. उत्तर प्रदेशातील शिवगड आणि बांगलादेशातील सिल्हेट इथे वस्त्यांची चिठ्ठ्यांनी वाटणी करून घरभेटींचे प्रयोग झाले. दोन्हीचे निकाल २००८ मध्ये आले आणि दोन्हीकडे नवजात मृत्यू घटले, मात्र सारख्या प्रमाणात नाही. २०१० मध्ये सिद्धार्थ गोगिया आणि हर्षपालसिंग सचदेव यांनी असे पाच प्रयोग एकत्र मांडले. अशा पद्धतशीर आढाव्यात सोयीचे तेवढे अभ्यास उचलता येत नाहीत. कोणते घेणार याचे निकष ठरवून सगळीकडे शोध घ्यायचा, प्रत्येकाचे दोष तपासायचे आणि प्रत्येक अभ्यास किती नेमका आहे त्याप्रमाणे त्याला वजन द्यायचे. सगळ्यांची मिळून घट निघाली ३८ टक्के. खरी घट १३ ते ५६ टक्क्यांच्या दरम्यान असावी, हेही आढाव्यातच नोंदलेले होते. गडचिरोलीचा आकडा याहून मोठा होता. बेरजेत तो लहान झाला, पण विश्वासार्ह झाला. ज्या संशोधकाने आयुष्य घालवले, त्याचाही आकडा इतरांच्या पंक्तीत बसतो आणि त्याला वेगळे पान वाढले जात नाही. मला या शास्त्राची थोरवी इथे दिसते.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली होती. २०११ मध्ये भारत सरकारने हे काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपवले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट.

आपल्या तालुक्यातील पडघ्याला माझ्या भाचीच्या घरी मी अशी एक भेट पाहिली. आशाताईंनी हात धुतले, बाळाला झोळीच्या काट्यात ठेवून वजन घेतले आणि तापमान पाहिले. मग पिशवीतून वही काढून तारीख घातली. भाचीने विचारले, "एवढं काय लिहिता, ताई?" त्या म्हणाल्या, "लिहावंच लागतं गं."

बाळाचे नाव अजून ठेवले नव्हते. पण वहीत त्याची ओळ होती.